सहकाऱ्याला फंक्शनल भाषेची ओळख करून देताना

पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा मी सपशेल तोंडावर आपटलो. नुकतंच हास्केल शिकलो होतो, म्हणजे एक फंक्शनल भाषा, जिच्यात माहिती जागच्या जागी न बदलता जुन्यातून नवी काढणाऱ्या फंक्शनांनी प्रोग्रॅम बांधतात. डोक्यात वारं शिरलं होतं. एका दुपारी अख्ख्या टीमला मीटिंग रूममध्ये बसवलं आणि तासभर बोललो. सुरुवात अलोंझो चर्च यांच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसपासून, मग करिंग, मग लेझी इव्हॅल्युएशन, आणि शेवटची दहा मिनिटं मोनॅड. प्रश्न एकच आला: "रेकॉर्डिंग मिळेल का?" ते पुढे कुणी उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला समोर एकच सहकारी होती, कोड तिचाच होता, आणि तिचं दोन दिवस डोकं खाल्लेला एक बग होता. नव्या भाषेचं नाव मी तिसऱ्या आठवड्यात काढलं. सहकारी टिकली. खाली जे लिहितोय ते त्या दुसऱ्या खेपेवरून आणि नंतर ज्या तीन-चार जणांसोबत बसलो त्यांच्यावरून. उदाहरणं सी शार्प आणि तिची फंक्शनल बहीण एफ शार्प यांची आहेत, कारण आम्ही तेव्हा तिथेच होतो. कोडचे तुकडे मुद्दाम मराठीत उतरवून दाखवले आहेत, खऱ्या फायलीत कीवर्ड अर्थातच इंग्रजीत जातील.

पायरी १: आठवडाभर नुसतं बघा

तोंड उघडायच्या आधी सहकाऱ्याला नेमकं काय छळतंय ते शोधा. त्याची गेल्या दोन-तीन महिन्यांतली बगची तिकिटं चाळली तरी पुरतं. तीन जातींवर नजर ठेवायची. पहिली जात 'हे कुणी बदललं?' ची: एका ठिकाणची माहिती भलत्याच ठिकाणच्या कोडने परस्पर बदलली. दुसरी जात नलची, म्हणजे मूल्य असायला हवं तिथे काहीच नसण्याची. तिसरी जात राहून गेलेल्या शक्यतेची: नवीन स्थिती आली, प्रत्येक स्थितीला वेगळी वाट देणाऱ्या पाच स्विचपैकी चारांत तिची केस घातली, पाचवा विसरला.

या तिन्हींवर फंक्शनल भाषांकडे चांगली औषधं आहेत. पण त्याची तिकिटं संथ चालणाऱ्या क्वेरीची, सर्व्हरच्या सेटिंगची किंवा दर आठवड्याला बदलणाऱ्या रिक्वायरमेंटची असतील, तर विषय तूर्त सोडून द्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत होईल, आणि पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही.

पायरी २: त्याच्याच भाषेत, त्याच्याच बगपासून

माझ्या सहकारीचा बग असा होता. बिलांची यादी एकदाच डेटाबेसमधून आणून मेमरीत ठेवलेली, आणि दोन स्क्रीन ती वापरायच्या. पहिली स्क्रीन बिलं आली त्या क्रमाने दाखवायची. दुसरीवर 'सर्वांत मोठी पाच बिलं'. टेस्टर सांगायचा, पहिल्या स्क्रीनवरचा क्रम बिघडतो. ती म्हणायची, माझ्याकडे होतच नाही. दोघंही खरं बोलत होते. टेस्टर आधी दुसरी स्क्रीन उघडायचा, ती उघडत नव्हती.

दोष एका ओळीत होता: बिलं.सॉर्ट(). सी शार्पमधल्या यादीचं सॉर्ट जागच्या जागी क्रम लावतं, म्हणजे मूळ यादीच हलते. त्याच भाषेतलं ऑर्डरबाय मूळ यादीला धक्का न लावता नवा क्रम देतं. (पायथॉनमध्ये सॉर्ट आणि सॉर्टेड अशी हीच जोडी आहे. जावास्क्रिप्टचं सॉर्टही मूळ ॲरे, म्हणजे यादी, हलवतं. न हलवणारं टूसॉर्टेड त्या भाषेत २०२३ साली आलं, यावरून ही चूक किती जणांना भोवली असेल याचा अंदाज करा.)

दुरुस्ती एका शब्दाची होती. पण मी तिला ती सांगून मोकळा झालो नाही.

"अगं, या फंक्शनचं नाव काय?"

"मोठी पाच बिलं काढ."

"मग त्याने यादीला हात का लावला?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नावात तसं कुठे म्हटलंच नाहीये."

शुद्ध फंक्शनची व्याख्या त्या वाक्यात आली. तेच इनपुट दिलं की दर वेळी तेच आउटपुट मिळतं, आणि वाटेत बाहेरच्या कशालाही हात लागत नाही. 'शुद्ध' हा शब्द मी त्या दिवशी वापरलाही नाही.

दुसरं उदाहरण घड्याळाचं घ्या, ते जवळजवळ प्रत्येक कोडबेसमध्ये सापडतं. उशीर झालेल्या बिलावरचा दंड काढणारं फंक्शन आतल्या आत सिस्टीमची आजची तारीख विचारतं. त्याची टेस्ट महिनाभर हिरवी असते आणि महिना पालटला की लाल. उपाय: 'आज' हे फंक्शनला बाहेरून द्यायचं, बिलासारखंच एक इनपुट म्हणून. मग एकतीस तारीख, लीप वर्ष, वर्षाचा शेवटचा दिवस, सगळं टेस्टमध्ये नुसतं लिहून तपासता येतं. घड्याळ बघायचं काम सगळ्यात बाहेरच्या थरात एकदाच. सहकाऱ्याला हे पटलं की निम्मी लढाई झाली, कारण फंक्शनल प्रोग्रॅमची एकूण रचना अशीच असते: हिशोब आत, जगाशी देवाणघेवाण कडेला.

आणि एक गोष्ट त्याला जरूर दाखवा. यातलं बरंचसं तो आधीपासून करतोय. सी शार्पमध्ये लिंक (LINQ, याद्यांवर काम करायची सोय) २००७ साली आलं, जावाला लॅम्डा आणि स्ट्रीम्स २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत मिळाले. लिंकमधलं व्हेअर म्हणजे फिल्टर (हवं तेवढंच ठेवणं), सिलेक्ट म्हणजे मॅप (प्रत्येक घटकातून नवा काढणं), ॲग्रिगेट म्हणजे फोल्ड (सगळ्या घटकांचं मिळून एक उत्तर). रोज वापरणाऱ्याला ही नवी नावं म्हणजे जुन्याच मित्रांची घरातली हाक आहे.

दोनेक आठवडे इथेच थांबा. आम्ही एकच नियम ठेवला होता: काहीच परत न करणारं, म्हणजे व्हॉइड फंक्शन लिहायची वेळ आली की क्षणभर थांबून विचारायचं, हे नक्की काय बदलतंय? बंदी अशी नव्हती, पण तेवढ्याने तिच्या रिव्ह्यूमधले 'हे कुणी बदललं' निम्म्यावर आले, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं.

पायरी ३: भाषा निवडणं

तुम्हाला आवडते ती भाषा निवडू नका. मला हास्केल आवडते, पण पहिली ओळख म्हणून मी ती कुणापुढे ठेवत नाही. ज्या प्लॅटफॉर्मवर सहकाऱ्याचा हात बसलाय, ज्याच्या लायब्ररी त्याला पाठ आहेत, तिथलीच भाषा घ्या.

डॉटनेटवाल्यांसाठी, म्हणजे सी शार्प ज्या प्लॅटफॉर्मवर चालते तिथल्यांसाठी, एफ शार्प. डॉन साइम यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घडवलेली, २००५ पासूनची. डॉटनेटचा संच मशीनवर असेल तर ती आधीच आलेली असते, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि सी शार्पमधली लायब्ररी तिथून सरळ हाकता येते. जावावाल्यांपुढे दोन वाटा: रिच हिकी यांची २००७ ची क्लोजर, किंवा मार्टिन ओडर्स्की यांची स्काला. क्लोजर ही लिस्प या कंसांनी भरलेल्या भाषेच्या घराण्यातली. कंस बघून काही जण पळतात, काहींना तेच आवडतं, मधलं कुणी भेटलेलं नाही. स्कालामध्ये जुन्या सवयीने जावा लिहीत राहता येतं, त्यामुळे शिकताना ती जरा निसरडी. वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांना, विशेषतः रुबीकडून येणाऱ्यांना, एलिक्सर लवकर जवळची वाटते. फक्त ब्राउझरचं काम करणाऱ्यांसाठी एल्म: भाषा छोटी आहे आणि कंपायलरचे (कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमचे) एरर इतके समजूतदार की शिकवणाऱ्याचं निम्मं काम तेच करतात.

प्लॅटफॉर्मचं बंधन नसेल तर? तरीही, जिचे एरर संदेश नवशिक्याला कळतील ती भाषा घ्या. बाकी सगळे निकष मला दुय्यम वाटतात.

पायरी ४: मशीन आधीच तयार ठेवा

ठरलेल्या वेळी दोघं बसलात आणि पाऊण तास इन्स्टॉलेशनमध्ये गेला, तर तो दिवस गेलाच समजा. आदल्या दिवशी त्याच्याच मशीनवर (तुमच्या नव्हे) एडिटरचं एक्स्टेंशन बसवा, एक ओळ चालवून बघा. एफ शार्प असेल तर एडिटरमधली ओळ निवडून ऑल्ट आणि एंटर दाबलं की ती इंटरॅक्टिव्ह खिडकीत चालते, हे तेवढं दाखवून ठेवा. त्या खिडकीत थेट टाइप केलं तर शेवटी दोन अर्धविराम द्यावे लागतात, नाहीतर काहीच घडत नाही आणि माणूस वाट बघत बसतो.

पायरी ५: पहिला तास

की-बोर्ड त्याच्या हातात. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं, पण समजा लिहिलंय. तुमचे हात शिवशिवतील, तो कंस चुकवेल, तुम्हाला दिसेल, तरी बोलू नका. एरर येऊ द्या आणि त्याला तो मोठ्याने वाचू द्या.

फॅक्टोरियल, फिबोनाची यांच्या वाटेला जाऊ नका. ऑफिसात त्यांची कुणाला कधी गरज पडली? शिवाय त्यांच्यामुळे 'फंक्शनल म्हणजे रिकर्शन' असा समज डोक्यात बसतो तो लवकर निघत नाही. त्याच्या रोजच्या कोडमधला एखादा लूप घ्या. आम्ही थकीत बिलांची बेरीज घेतली. जुन्या कोडमध्ये बेरीज शून्य, मग लूप, आत इफ, आत बेरीज वाढव. नवा असा:

बिलं
|> गाळ (बिल -> बिल.थकीत)
|> बदल (बिल -> बिल.रक्कम)
|> बेरीज

उभी दांडी आणि बाण ही खूण म्हणजे 'डावीकडचं उजवीकडच्याला दे'. मराठी वाक्यासारखंच वाचता येतं: बिलं घे, थकीत तेवढी ठेव, त्यांच्या रकमा काढ, बेरीज कर. ती हे वाचून म्हणाली, "हे तर लिंकच आहे." मी म्हटलं, "हो." तिची थोडी निराशा झाली असावी, पण भीती गेली हे महत्त्वाचं.

मग एक ओळ टाइप करायला सांगा: क्ष = क्ष + १. आधी क्ष ला ५ हे मूल्य द्या. एफ शार्पमध्ये उत्तर येतं 'फॉल्स'. माणूस चमकतो. इथे बरोबरचं चिन्ह तुलना करतं आणि पाच काही सहाच्या बरोबर नसतात. तीच ओळ फंक्शनच्या आत असेल तर कंपायलर इशारा देतो की या तुलनेचं उत्तर वाया जातंय, आणि बदलच करायचा असेल तर मूल्याला आधी 'म्युटेबल', म्हणजे बदलता येणारं, म्हणून घोषित करा. म्हणजे बदल करता येतो, पण तो चोरून करता येत नाही.

हीच ओळ वेगवेगळ्या भाषांत काय करते ते सांगायला मला फार आवडतं. अर्लांगमध्ये ती चालतच नाही: डावीकडचा पाच आणि उजवीकडचा सहा जुळत नाहीत, एरर. एलिक्सरमध्ये ती निमूट चालते, पण जुनं मूल्य तसंच राहतं आणि क्ष हे नाव नव्या मूल्याला चिकटतं. हास्केलमध्ये ती व्याख्या होते, स्वतःवरच उभी असलेली, आणि क्ष विचारलात की प्रोग्रॅम उत्तर शोधत गोल गोल फिरत राहतो. शाळेत गणितात ही ओळ लिहिली असती तर गुण कापले गेले असते. प्रोग्रॅमिंगमध्ये आल्यावर आपण ती गिळली, एवढंच.

पहिल्या तासात हमखास लागणाऱ्या ठेचा, ज्या तुम्हाला माहीत हव्यात:

यादीत आकड्यांमध्ये स्वल्पविराम टाकला तर एफ शार्पमध्ये तीन आकड्यांची यादी होत नाही, एका तिकडीची यादी होते. तिथे अर्धविराम लागतो. पूर्णांक आणि दशांश परस्पर मिळत नाहीत, ५ अधिक २.५ म्हटलं की कंपायलर अडवतो. आणि फायलींचा क्रम महत्त्वाचा असतो: वरच्या फायलीला खालचं काही दिसत नाही. हा शेवटचा नियम सुरुवातीला जाचक वाटतो. मला आता त्याशिवाय करमत नाही, कारण अनोळखी प्रोजेक्ट सरळ वरून खाली वाचता येतं.

तासाला तास म्हणजे तासच. तो "अजून थोडं करू" म्हणत असतानाच उठा.

पायरी ६: अशक्य गोष्ट लिहिताच येऊ नये

माणूस खऱ्या अर्थाने वळतो तो इथे, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे इथे घाई नको, दोन-तीन बैठका द्या.

त्याच्या कोडमधला 'स्थिती' सांभाळणारा एखादा क्लास उघडा. आमच्याकडे ऑर्डर होती. तिच्यात चार गोष्टी: रवाना झाली का (हो/नाही), रद्द झाली का (हो/नाही), रवाना झाल्याची तारीख (असेल किंवा नल), रद्द होण्याचं कारण (असेल किंवा नल). कागदावर गुणाकार करायला लावा. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा. आता विचारा, यातल्या खऱ्या अर्थाच्या किती? आमच्या नियमात रवाना झालेली ऑर्डर रद्द होत नव्हती, म्हणून तीन: प्रलंबित, तारखेसह रवाना, कारणासह रद्द. उरलेल्या तेरा निव्वळ मूर्खपणा. रद्दही झालेली आणि रवानाही झालेली, तारीख नसलेली रवाना, वगैरे. आणि आपले निम्मे इफ या तेरा भुतांना हाकलण्यासाठी लिहिलेले असतात.

मग एफ शार्पमध्ये तीच गोष्ट:

प्रकार ऑर्डरस्थिती =
| प्रलंबित
| रवाना (तारीख)
| रद्द (कारण)

तीनच. कारण नसलेली रद्द ऑर्डर लिहायला जागाच नाही. तारीख हवी असेल तर आधी 'रवाना' आहे का ते बघावंच लागतं, कारण तारीख त्याच्याच पोटात आहे.

आता खरी गंमत. या प्रकारावर तीन-चार फंक्शन लिहून झाली की चौथी स्थिती घाला: परत आली. कंपाइल करा. जिथे जिथे ही शक्यता हाताळायची राहिली ती प्रत्येक जागा कंपायलर ओळीच्या क्रमांकासह दाखवतो. माझ्या सहकारीने ते बघितलं आणि काही न बोलता तिचं तीन महिन्यांपूर्वीचं एक तिकीट उघडून माझ्यापुढे धरलं. पाच स्विच, चारांत केस, पाचवा राहिलेला.

दोन पथ्यं सांगायला विसरू नका. एफ शार्पमध्ये हा नुसता इशारा असतो, एरर नव्हे. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये इशारा क्रमांक २५ ला एरर करून टाका. हास्केलमध्येही इशारे चालू करावे लागतात, एल्म मात्र पहिल्यापासूनच अडवते. दुसरं, 'बाकी सगळं' अर्थाची अधोरेषा शेवटच्या केसमध्ये टाकली की ही सगळी राखण बंद पडते. आळसाने टाकलेली ती एक रेष रिव्ह्यूमध्ये पकडा. एलिक्सर शिकवत असाल तर हा भाग असा दाखवू नका, तिथे न जुळलेली केस चालवतानाच कळते.

नलचा विषय याच ओघात निघतो. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये नल रेफरन्स आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. फंक्शनल घराण्याचं उत्तर म्हणजे 'ऑप्शन' प्रकार: एक तर 'आहे (मूल्य)', नाहीतर 'नाही'. वरच्या ऑर्डरसारखाच, फक्त दोन शक्यतांचा. ऑर्डर समजली असेल तर याला पाच मिनिटं लागतात.

पायरी ७: "पण दर वेळी नवी यादी? मेमरीचं काय?"

हा प्रश्न येतोच, आणि चांगल्या माणसाकडून आधी येतो. "होत नाही काही" म्हणून झटकू नका.

साध्या जोड-यादीच्या (जिच्यात प्रत्येक घटक पुढच्याकडे बोट दाखवतो) सुरुवातीला एक घटक लावला की नवी यादी जुन्या यादीकडे बोट दाखवते, कॉपी होत नाही. जुनी बदलणारच नसल्यामुळे दोघींनी ती वाटून घेतली तर बिघडतं कुठे? मोठ्या संचांसाठी झाड वापरतात. क्लोजरच्या व्हेक्टरला प्रत्येक गाठीला ३२ फांद्या असतात, म्हणजे चार पातळ्यांत दहा लाखांवर घटक मावतात. त्यातला एक बदलायचा तर मुळापासून त्या पानापर्यंतच्या चार-एक गाठींची कॉपी होते, बाकी सगळं झाड जुनंच. कागदावर झाड काढून दाखवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

आणि जिथे तोटा आहे तिथे कबूल करा. लाखो आकड्यांवर घट्ट लूपमध्ये गणित असेल तर साधा ॲरे जिंकतो, आणि एफ शार्पमध्ये तो वापरायला कुणी अडवत नाही. नवशिक्याची खरी चूक वेगळीच असते: जोड-यादीतला शंभरावा घटक क्रमांकाने मागणं. दर वेळी सुरुवातीपासून चालत जावं लागतं. लूपमध्ये असं केलं की हजार घटकांना पाच लाख पावलं पडतात. दोष भाषेवर जातो.

फोल्डसाठी एक अख्खी बैठक ठेवा. मॅप आणि फिल्टर लगेच कळतात, फोल्ड कळल्यासारखा वाटतो. १२०, ८०, ३०० हे आकडे कागदावर लिहा, शेजारी हातातली रक्कम: ०, मग १२०, मग २००, मग ५००. मग त्यालाच विचारा, याच फोल्डने सर्वांत मोठा आकडा कसा काढशील? मग यादी उलटी कशी करशील? तिसरं स्वतःहून सुटलं की विषय संपला.

पायरी ८: तो शब्द

मोनॅड. तुम्ही काढू नका. तो काढेल, कारण त्याने कुठेतरी वाचलेलं असेल. "येईल तेव्हा सांगतो" म्हणा आणि खरंच थांबा.

तो कधी येतो? ग्राहक शोधायचा, सापडला तर त्याचा पत्ता, पत्ता असेल तर पिनकोड. तीन ऑप्शन, 'आहे' की 'नाही' ते बघणारे तीन मॅच, एकात एक, कोड उजवीकडे सरकत चाललेला. तो वैतागून म्हणेल, "दर वेळी तेच लिहितोय, 'नाही' असेल तर 'नाही'." तेव्हा बाइंड दाखवा: मूल्य असेल तर पुढचं फंक्शन चालव, नसेल तर 'नाही' पुढे सरकव. तिन्ही ओळी सरळ एकाखाली एक येतात. पुढे कधी एररच्या प्रकारावर, कधी असिंक, म्हणजे उत्तराची वाट न अडवता चालणाऱ्या, कामावर हाच घाट परत दिसेल. चौथ्यांदा दिसला की सांगा, याला ते नाव आहे. त्या दिवशी तो "एवढंच?" म्हणाला पाहिजे.

पायरी ९: खरं काम, पण छोटं

शिकलेलं दोन आठवड्यांत कुठेतरी चाललं नाही तर विरतं. मुख्य प्रॉडक्टमध्ये घुसू नका. टेस्ट, डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारी स्क्रिप्ट, किंवा नियम-दर-सवलत मोजणारा एखादा वेगळा भाग, या चांगल्या जागा. आम्ही दंडाचा हिशोब एफ शार्पच्या एका प्रोजेक्टमध्ये काढला. सी शार्पचा बाकी सगळा कोड त्याला नेहमीच्या लायब्ररीसारखा हाक मारत होता.

रिव्ह्यूत तुमची हुशारी आवरा. स्वतः बनवलेली चिन्हं नकोत, एका ओळीत सात फंक्शन नकोत, अर्ग्युमेंट गाळून लिहिलेली जादू नको. मधल्या पायऱ्यांना नावं द्या. आणि डीबग कसं करायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकवा, माणसं सर्वाधिक इथे अडकतात. दांडी-बाणाच्या साखळीत मधेच काय वाहतंय ते बघायला 'डोकाव' नावाचं दोन ओळींचं फंक्शन लिहा: मिळेल ते छापायचं आणि तेच पुढे द्यायचं. एलिक्सरमध्ये आयओ.इन्स्पेक्ट नेमकं हेच करतं.

मॅनेजरचा प्रश्न ठरलेला: "तुम्ही सुट्टीवर गेलात तर हे बघणार कोण?" प्रश्न रास्त आहे. "आम्ही दोघं आहोत" हे उत्तर देता येईपर्यंत प्रॉडक्शनचं नाव काढू नका. "हे खेळणं आहे का?" असंही विचारतील. तेव्हा अर्लांगचं सांगा: एरिक्सनमध्ये १९८६ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी सुरू झाली, १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यावर उभे राहिले. एका वाक्यात सांगा आणि थांबा, नाहीतर परत मीटिंग रूममधला तास होईल.

सहकारी वयाने, अनुभवाने मोठे असतील तर सगळा क्रम तोच, फक्त सुरुवात उलटी करा. "सर, तुम्हाला दाखवतो" ऐवजी "सर, हा हिशोब मी असा लिहिलाय, कुठे फसेल सांगा." त्यांना फसण्याच्या जागा तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात आणि त्या शोधता शोधता ते भाषा वाचायला लागतात.

तो "नको" म्हणाला तर

एकदा विचारा, कशामुळे? कंटाळा, वेळ नाही, की खरंच पटलं नाही? वेळ नसेल तर महिन्याने परत विचारा. पटलं नसेल तर विषय बंद, आणि तोही मनापासून. दर रिव्ह्यूत "एफ शार्पमध्ये हे झालंच नसतं" असं पुटपुटणाऱ्या माणसाशेजारी कुणालाही बसवत नाही. मी सहा महिने तो माणूस होतो.

त्या सहकारीचं सांगायचं तर तिने पुढे टीम बदलली. तिथे एफ शार्प नाही, आणायचा तिने प्रयत्नही केला नाही. मध्यंतरी तिने तिचा एक पुल रिक्वेस्ट बघायला पाठवला, सगळा सी शार्प. दंडासारखाच काहीतरी हिशोब होता, आणि फंक्शनचं पहिलं अर्ग्युमेंट होतं 'आज'.